चालू हाय का बंद

दिगू, काल दुपारी आभाळ गडगडलं. गल्लीतल्या घराघरातून बटनं बंद केल्याची खटखट ऐकू आली. समोरच्या बाईनं तर टीव्हीची पिन हातात धरून मला दाखवली, की आक्का, तुमची काढली का. ह्या मानवत गावाला हे तूच शिकवलंस. चाळीस वर्षं दुकानात रेडिओ, टीव्ही, नंतर ते संगणक दुरुस्त करून दिलेस, आणि वस्तू माणसाच्या हातात देताना तुझं एक वाक्य ठरलेलं, वीज कडाडली की आधी पिन काढा, मग वाळवण उचला. तर काल सगळ्यांनी काढल्या. मी एकटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मला भ्या वाटलं, ते विजेचं नाही, ह्या हातांचं.

तू गेल्यावर लोक येऊन चांगलं चांगलं बोलून गेले. कुणाचा बिघाड कसा नुसत्या आवाजावरून वळखलास, कुणाच्या लग्नात ऐन वेळी भोंगा कसा चालू करून दिलास. सगळं खरं आहे. पण ते मी लिहीत नाही, ते गावाला माहीत आहे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू होतास तेव्हा चार महिने ती माझ्या तोंडात होती. रोज सकाळी वाटायचं आज सांगावं, आणि रोज दिवे लागले की वाटायचं उद्या.

मी मोठी बहीण, तुझ्याहून आठ वर्षांनी. तुला कडेवर घेऊन फिरायचं म्हणून माझी शाळा चौथीत सुटली, आणि पुढं तुझ्याच पुस्तकांवर मी वाचायला शिकले. मालक वारल्यावर ताडकळसहून तू मला घेऊन आलास. तोवर तुझी कमलही गेली होती. एवढ्या दोन खोल्या, मागं लिंबाचं झाड, म्हातारे होत चाललेले दोन जीव. तू म्हणलास, उगं रिकामी बसू नकोस, संगणकावर टायपिंग शीक. ह्या वयात? पण तू चिकट्या आणून मराठी अक्षरं कापून एकेका बटनावर चिकटवलीस. ‘ण’ आणि ‘न’ मला सहा महिने सापडले नाहीत. तू मला टायपिस्ट बाई म्हणायचास. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचास, आवो टायपिस्ट बाई, पावणे आलेत, च्या टाका. आज हे लिहितेय ते त्याच बटनांवर. ‘न’ची चिकटी आता निघायला आलीय.

ते जुनं मशीन आठवतं? मळणीयंत्र म्हणायचे मी त्याला. आपल्या गावात कापूस पिंजायला लागला की हवेत रुई उडती, आणि ती सगळी त्या मशीनच्या पंख्यात जाऊन बसायची. दर आठवड्याला तू ब्रश घेऊन उघडायचास, आतून उशी भरंल एवढं निघायचं. साफ केलं की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. इतकी वर्षं आपण त्याच्या वरच्या पट्टीत बोललो, आपल्याला कधी खटकलं नाही. तुझ्या मनात एक वही होती, कोणता आवाज आला म्हणजे आत काय बिघडलं, त्याची. संध्याकाळी तू सांगायचास, मी टाईप करायची. गुणगुण म्हणजे हे, करकर म्हणजे ते, खरखर आणि खसखस ह्यात फरक काय. माझं डोकं दुखायचं, पण मजा वाटायची.

मग तुझा आवाज बसला. आधी आपण म्हणलं गारठा बाधला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. तंबाखू तू सोडलीस, असं मला सांगितलंस. आवाज काही वर येईना, उलट रोज थोडा खाली. आणि ते मळणीयंत्र मधी. तू सांगायचास, मी म्हणायची, आँ? तू पुन्हा सांगायचास, मी पुन्हा, आँ? काय म्हणलास? एक दिवस तू तिसऱ्यांदा सांगितलंच नाहीस. दस्तीनं तोंड पुसलंस, मशीनवर पंजा ठेवलास, आणि म्हणलास, “आक्का, मला वरडता येत न्हाई आता. ह्यालाच गप करावं लागतंय.”

तुझा आवाज मोठा होणार नाही हे तुला तेव्हाच कळलं होतं, दिगू. मला नाही कळलं. मला वाटलं, लागला नाद.

काय काय केलंस! आधी छोटा पंखा काढून मोठा बसवलास, आणि त्याला वीज कमी दिलीस, की हळू फिरावा. मोठा पंखा हळू फिरला तरी वारा तेवढाच, आणि आवाज नाही, हे तू मला परातीनं आणि वाटीनं वारा घालून दाखवलंस. मग आत फायली साठवणारी फिरणारी चकती होती तिचा थरथराट. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिला झोळीत टाकल्यासारखी टांगलीस. तरी समाधान नाही, मग ती काढूनच टाकलीस आणि बिनफिरणारी आणलीस. परभणीच्या दुकानातनं पुडकं यायचं, कंडक्टर ते स्टँडवर तुझ्या हातात द्यायचा, आणि तू घरापर्यंत फोडत फोडतच यायचास. मी म्हणलं, एवढा आवाज दाबायचाय तर चांगला सरकीचा कापूस देते, गादीसारखं भर आतून. तू एवढा हसलास की ठसका लागला. म्हणलास, “आक्का, ताप येईल की गं त्याला.” मग समजावलंस, की ह्याचा सगळा आवाज हा उष्णतेचा आहे. गरम होतं म्हणून पंखा, पंखा आहे म्हणून आवाज. गरमच कमी झालं तर गप बसेल.

म्हणून शेवटी तू त्याचं डोकंच मंद केलंस. ॲल्युमिनियमची एक भली मोठी कंगवी त्याच्या माथ्यावर बसवलीस, उष्णता निघून जायला, आणि पळायचा त्याचा वेग निम्म्यावर आणलास. पंखा काढून टाकला. मी म्हणलं, अरे, आता हे एक पत्र उघडायलाच घंटाभर लावील. तू म्हणलास, तुला कुठं गाडी पकडायचीय? दमानं करंल, पण गुमान करंल. हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. आता ते मला झोपू देत नाही.

आणि पेटी! बाजारची पत्र्याची पेटी थरथरते, झणझणते, म्हणून दुकानाच्या माळ्यावरचा तो जुना लाकडी रेडिओ उतरवलास, पुढं जाळीचं कापड, मागं भोकं पाडलेला पुठ्ठा. आतलं सगळं काढून त्यात हे बसवलंस. घरात आलेल्या माणसाला वाटायचं, रेडिओ ठेवलाय शोभेला. त्या रेडिओला पुढं एक बारका बल्ब होता. मी म्हणलं, तेवढा तरी लाव, म्हणजे कळंल चालू हाय ते. तू म्हणलास, बल्ब लावला की माणूस कानाचं काम डोळ्याला सांगतं. मशीनचा स्वतःचा एक दिवा होता, त्याच्यावरही काळी चिकटपट्टी मारलीस. ह्यावरून आपलं किती वाजलं! मी म्हणायची, लाव. तू म्हणायचास, कळलं न्हाई पायजे, त्येच तर मपलं काम हाय. हे भांडण आपलं मिटलंच नाही. मीच जिंकायला पाहिजे होतं, दिगू. आयुष्यात एवढं एकच भांडण मी जिंकायला पाहिजे होतं.

दर वेळी काही बदललं की तू परीक्षा घ्यायचास. एक परीक्षा मशीनची. माईक लावायचा, आपण गप बसायचं, आणि एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा. मग तो लावून ऐकायचा, किती घरघर राहिली ते. ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ अशी नावं मीच टाईप करून द्यायची. दुसरी परीक्षा माझी. मला बाहेर काढायचास, मग हाक मारायचास, मी डोळे मिटून दारात उभी राहायची आणि तू विचारायचास, “चालू हाय का बंद?” मी कान लावायची. चालू, म्हणायची. बरोबर निघालं की तुझं तोंड पडायचं आणि पुन्हा पेचकस हातात. असं कितीदा झालं. आणि एका रविवारी मी दारात उभी राहिले, कान लावला, मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं, लिंबावरची साळुंकी ऐकू आली, पार लांबवरची कापसाची जिनिंग ऐकू आली, आणि मी म्हणलं, बंद. मी डोळे उघडले तर पडदा चालू, आणि तू लहानपणी हसायचास तसा हसत होतास. स्वतः जाऊन जिलेबी आणलीस. गिळता येत नव्हती तुला धड, पाकात बोट बुडवून चाटलंस. त्या दिवशी मला वाटलं, सगळं नीट होणार आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांत मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागंल. काढली नाही तर जीव जाईल. तू ऐकून घेतलंस, आणि बाहेर आल्यावर पहिली गोष्ट मला काय म्हणलास? सुषीला कळवायचं नाही. माझ्या गळ्याची आण हाय तुला.

त्या गळ्याची आण, दिगू. दुसरं काही सुचलं नाही का तुला?

सुषी तुझी एकुलती एक लेक. तिनं तिच्या पसंतीनं लग्न केलं, नाशिकला गेली, आणि तू सहा वर्षं तिच्याशी बोलला नाहीस. शिव्या दिल्या नाहीस, आदळआपट केली नाहीस. नुसता गप झालास. तिचं नाव निघालं की तू उठून दुकानात जायचास. तुझ्या आत काय चाललंय, का काहीच चालत नाही, मला कधी कळलं नाही. ती मला फोन करायची, तू दुकानात असलास की. बाबा कसे आहेत, विचारायची. मी सांगायची, बरा हाय. तुझं आजारपण सुरू झाल्यावरही तेच. बरा हाय, बाई. आण होती ना.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, चैत्रातली दुपार, तू मला म्हणलास, आज मला त्या मशीनवर बोलायचंय. आवाज हाय तवर. तू खोलीत थांबू नकोस, तू समोर असलीस की मला जमणार न्हाई. मी म्हणलं, बरं. दळण घेऊन गिरणीला गेले. गिरणीवर मुद्दाम बसून राहिले, म्हणलं बोलू दे त्याला निवांत. दीड-दोन घंट्यांनी आले, तर तू मागं लिंबाखाली बाजेवर पडला होतास, डोळे मिटून, छाती वरखाली होत होती. तोंडावर असं काही होतं, जसं माणूस डोक्यावरचं गवताचं ओझं टाकून बसतं. मी उठवलं नाही.

आणि आभाळ गडगडलं. अवकाळी. परभणीकडनं काळंभोर आलं. मी डबा ठेवला, आत गेले. फ्रिजची पिन काढली. टीव्हीची काढली. मग तुझ्या ह्या रेडिओसमोर उभी राहिले. पडदा काळा. दिव्यावर चिकटपट्टी. कान लावला, काही नाही. घड्याळ ऐकू आलं. मी हातसुद्धा ठेवला दिगू, लाकडाच्या झाकणावर, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. कोमट होतं. पण चैत्रात काय कोमट नसतं? भिंत कोमट होती, माठाच्या वरचं झाकण कोमट होतं. मनात म्हणलं, बंद. आणि बटन दाबलं, पिन ओढली.

तू बोलणं संपवलं होतंस. पण तू बोललास ते सगळं गोळा करून त्याची फाईल बांधायचं काम ते मशीन करत होतं. दुसऱ्या मशीननं ते दोन मिनिटात केलं असतं. हे तू मंद केलेलं. दमानं करत होतं, गुमान करत होतं. त्याला वेळ लागणार म्हणून पडदा तेवढा विझवून तू बाहेर येऊन पडला होतास.

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जीपमध्ये बसताना तू माझा हात धरून, आता ऐकायला कान तुझ्या तोंडाशी न्यावा लागत होता, म्हणलास, “त्ये ऐक बरं का, आक्का. आन् मंग सांग मला.” तुझ्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं.

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी कपडे आणि कागदपत्रं न्यायला मी घरी आले. आंघोळ केली, देवाला दिवा लावला, मशीन चालू केलं. ‘आक्कासाठी’ असं नाव दिसलं. तू स्वतः टाईप केलेलं. मी दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं. शेवटी अख्खा रेडिओ चादरीत बांधून बसनं परभणीला नेला. तिथल्या माणसानं दोन घंटे खटपट केली. भला माणूस होता. म्हणला, मावशी, फाईल बनता बनता लाइट गेली होती का? मी म्हणलं, न्हाई. म्हणला, मग कुणी बटन बंद केलं का? मी चादरीची घडी घालायला लागले. तो म्हणला, नाव आहे नुसतं, आत काही नाही.

तशीच दवाखान्यात आले. तुझ्या गळ्यात नळी, उशाशी शाळेतली पाटी ठेवलेली, लिहून बोलायला. मला बघितल्याबरोबर तू बोट कानाला लावलंस आणि भुवया वर केल्यास. ऐकलंस का?

मी म्हणलं, ऐकलं.

काय सांगू दुसरं? ज्याचा आवाज चार दिवसांपूर्वी कापून काढला, त्याला सांगू, की तुझा राहिलेला आवाज मी पिन ओढून घालवला? तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू पाटीवर लिहिलंस, ‘मग?’ मी म्हणलं, तू म्हणशील तसं. तू लिहिलंस, ‘करशील?’ मी म्हणलं, करीन. मग मी लबाडी केली, आता लपवायचं काय. हळूच म्हणलं, त्यातलं आधी काय करू रे? तू खडू घेतलास आणि लिहिलंस, ‘शेवटी बोललो तेच.’ मी म्हणलं, बरं. तू बाहीनं पाटी पुसलीस आणि भिंतीकडं तोंड करून झोपी गेलास. आजारपणात तुला तसं शांत झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून मी विचार करतेय, शेवटी काय बोललास. कधी वाटायचं, माझ्या शाळेचं बोलला असशील, तुझ्यापायी सुटली म्हणून, आणि म्हणला असशील की आता नाव घाल कुठंतरी, परीक्षा दे. तू होतास तसा. कधी वाटायचं दुकानाचं. कधी वाटायचं ती आवाजांची वही पुरी कर, असं असंल. आणि कधी वाटायचं, सुषीला बोलव. पण नसलं तर? उलट, काही झालं तरी तिला कळवू नकोस, असं असलं तर? तुझ्या गळ्याची आण मी घेतलेली, आणि तू माणूस कसा, सहा वर्षं गप बसलेला. पाटीवर विचारलं असतं तर तू एका शब्दात सांगितलं असतंस. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की मी ऐकलंच नाही. मी विचारलं नाही. सुषीचा फोन आला, मी म्हणलं, बरा हाय.

घरी आल्यावर तू बाज दारासमोर ओढून घेतलीस. मला वाटलं, वाऱ्यासाठी. दुपारी नाशिककडची गाडी येते त्या वेळेला तू उठून बसायचास. मला वाटलं, झोप झाली असंल. मी आंधळी होते का रे?

आणि ती दुपार. जायच्या आधी चार-पाच दिवस. लाइट गेलेली, पंखा बंद, तुला घामाच्या धारा, मी सुपानं वारा घालत होते. तू पाटी मागून घेतलीस. हातात जोर नव्हता, अक्षरं वाकडी आली. ‘आली नाही.’ मी म्हणलं, “येईल की रे. दुपारच्याला अशीच करती ती. आता यायचाच टाइम झालाय तिचा.” तू मान हलवलीस. डोळे मिटलेस. मी वारा घालत राहिले. आणि अर्ध्या घंट्यानं लाइट आली, पंखा फिरायला लागला. मी खुशीत म्हणलं, “बघ, आली का न्हाई?”

तू दचकून डोळे उघडलेस, कोपरावर उठायला बघितलंस, आणि दाराकडं बघितलंस. पंख्याकडं नाही. दाराकडं. दारात कुणी नव्हतं. तू मग माझ्याकडं बघितलंस, आणि हळूच पुन्हा आडवा झालास. त्यानंतर तू पाटी मागितली नाहीस.

हे मला कधी उमजलं सांगू? तुला पोचवून माणसं परत आल्यावर, बाज उचलून भिंतीला लावताना. बाजेची जागा रिकामी झाली आणि समोर सरळ दार दिसलं. मी तिथंच खाली बसले. तू काय समजून गेलास? की आक्कानं बोलावलं, आणि पोरगी आली नाही. तुझ्या मनानं मी तुझं काम केलं होतं. नाही आली ती सुषी.

सुषी आली, दिगू. तू गेल्याचं कळवल्यावर रातोरात निघून आली. तेवढ्यासाठी तुझी आण आड आली नाही. दहाव्याचं सगळं झाल्यावर, पावणे गेल्यावर, ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “आत्या, खरं सांग. बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?”

हो म्हणायला काय लागत होतं? एक हो. तुझ्यापुढं म्हणलं होतं, तिच्यापुढं म्हणलं असतं. पण माझ्या एका ‘ऐकलं’नं काय केलं ते मी बघितलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. मशीन, वीज, पिन, पाटी. ‘आली नाही’ हेही सांगितलं. ती फरशीवरच्या रेघा बोटानं गिरवत होती. मग म्हणाली, त्या वेळी लाइट खरंच गेली होती? मी म्हणलं, गेली होती. ती म्हणाली, मग लाइटचंच म्हणाले असतील. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं मला सोडवायला म्हणलं का स्वतःला, कोण जाणे. तू दाराकडं बघितलंस ते मात्र मी तिला सांगितलं नाही. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही. इथं लिहून ठेवलंय. ती वाचंल तेव्हा वाचंल, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणंल.

ती म्हणाली, बाबांचा आवाज कुठंच नाही का? मोबाईलमध्ये, कुठं? शोधला. तू फोनवर हो-नाहीच्या पलीकडं न बोलणारा माणूस, कोण भरून ठेवणार? मग मला आठवलं, त्या ‘चाचणी’ फायली आहेत. अकरा. तुझा आवाज त्यात नाही, तुझं गप बसणं आहे. मी तिला म्हणलं, ऐकायचं असंल तर तेवढं आहे.

आम्ही दोघी मशीनपुढं बसलो. पहिल्या चाचणीत नुसती घरघर, मळणीयंत्र. तिसऱ्या-चौथ्या चाचणीत ती कमी होत गेली, आणि घरघरीच्या खालून एकेक गोष्ट वर यायला लागली. घड्याळ. लिंबावरचं पाखरू. तुझ्या खुर्चीची कुरकुर. सातव्या चाचणीपासून तुझा श्वास ऐकू येतो, गळ्यात अडकत येणारा, तेव्हा मला तो ऐकूच आला नव्हता. सुषी एकेक लावत होती, कान जाळीला लावून. अकरावी लावली, आणि तिनं मान वर करून मला विचारलं, आत्या, हे चालू आहे का?

मी म्हणलं, चालू हाय. त्यो हाय तिथं. गप बसलाय.

ती अकरावी चाचणी तू एकट्यानं भरली होतीस, तिच्यात शेवटी शेवटी मी येते. दाराची कडी वाजते आणि माझाच आवाज, हसतमुख, कशाचा पत्ता नसलेला, विचारतो, “चालू हाय का बंद रे?” मग तू श्वास आत घेतोस. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. आणि तिथं ते मिनिट संपतं.

सुषीनं ते तीनदा लावलं. तिन्ही वेळा तू बोलायला श्वास घेतलास.